रविवारची मराठी शाळा आणि फ्लू: २३ तारखेला वर्ग भरवायचा का?

प्रेषक: मराठी शाळा, समन्वयक
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

काल आपल्या शाळेत २६ पैकी ११ मुलं आली नाहीत. सकाळपासून फोन येत होते. कुणाला ताप, कुणाचं अंग मोडून आलंय, कुणी रात्रभर खोकलंय. जी आली त्यांतली दोघं मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून बसली. एकीच्या कपाळाला हात लावला तर चटका बसावा इतकी तापली होती. तिच्या आईला लगेच बोलावून घेतलं.

२ तारखेला आपण स्नेहसंमेलनाची पहिली तालीम घेतली. बाहेर पाऊस होता म्हणून खिडक्या बंद, एकच माईक सगळ्यांच्या हातांतून फिरत होता आणि बालवर्गाने एकाच डब्यातून चिवडा खाल्ला. त्या आठवड्यात दोन-तीन मुलं आजारी पडली, आणि काल अकरा.

मुलं चार-पाच दिवसांत उठून बसतात. पण दोन घरांत आजी-आजोबाही आडवे झाले. त्यांतले एक आजोबा तीन महिन्यांसाठी भारतातून इथे इंग्लंडात लेकीकडे आले आहेत. त्यांना न्यूमोनिया होऊन चार दिवस रुग्णालयात राहावं लागलं. शुक्रवारी घरी आले, पण अजून अर्ध्या जिन्यात थांबून दम खावा लागतो.

स्नेहसंमेलन ६ डिसेंबरला आहे. येत्या रविवारी वर्ग बंद ठेवावा का? कृपया मोकळेपणाने लिहा.

---

प्रेषक: एक पालक (पोवाडा गट)
सोमवार, रात्री

ताई,

ती पहिली दोन-तीन मुलं म्हणालात, त्यांत माझा मुलगा होता. २ तारखेला सकाळी त्याला ३८.२ अंश सेल्सियस ताप होता. मी कॅल्पॉल दिलं, तासाभरात तो घरभर उड्या मारायला लागला, आणि मी त्याला तालमीला आणलं. पोवाड्यात त्याच्या चार ओळी आहेत. तालीम चुकली तर त्या दुसऱ्याला जातील, असं त्याच्या मनाने घेतलं होतं आणि माझ्याही.

आजोबांचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनीच मला धीर दिला. लिस्टवर लिहितोय कारण हे एका रविवारचं नाही. सोमवार ते शुक्रवारच्या शाळेतही आम्ही हेच करतो. दोघांच्या नोकऱ्या, घरी थांबायला कुणी नाही, वर हजेरी ९५ टक्क्यांखाली गेली की शाळेचं पत्र येतं. ओळखीत एकांना दंडही झाला. आजारी मुलाला घरी ठेवलं तर तो लागतो का, हे मला आजही नक्की माहीत नाही.

---

प्रेषक: एक पालक (बालवर्ग)
मंगळवार, १८ नोव्हेंबर

मुलीच्या शाळेतून फ्लूच्या लसीचा संमतीचा फॉर्म आलाय. आमच्याकडे अंडंही शिजत नाही. सासूबाईंनी कुठेतरी वाचलं की नाकातल्या लसीत डुकराचं काहीतरी असतं, आणि त्यांनी ठाम नकार दिला. मी फॉर्मवर ‘नाही’ लिहून पाठवणार होते. ताईंची मेल वाचून हात थांबला. हे खरं आहे का? दुसरा काही मार्ग आहे का?

---

प्रेषक: शाळांमध्ये लसीकरण करणारी परिचारिका (तिसरीतल्या मुलीची आई)
मंगळवार, रात्री

मंडळी,

आज दोन शाळा करून आले, म्हणून उशिरा लिहितेय. माझा सगळा दिवस याच कामात जातो, तेव्हा थोडं लांबेल.

आधी दादा, तुमचं. आजारपणाची गैरहजेरी शाळा अधिकृत म्हणून नोंदवते. इंग्लंडमधला ८० पौंडांचा दंड विनापरवानगी गैरहजेरीसाठी असतो. शाळा चालू असताना मुलाला भारतात लग्नाला नेलं, तर तो लागू शकतो. तापाने झोपलेल्या मुलासाठी नाही. पहिल्या दिवशी सकाळी शाळेला कळवायचं, एवढं आपलं काम. हजेरीचं पत्र आलं तर कारण नोंदलेलं आहे ना, हे विचारा आणि पत्र फाइलला लावा. त्या पत्राला घाबरून तापाचं मूल गणवेशात घालू नका.

आता कॅल्पॉल. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, विषाणूला हातही लावत नाही. मूल खेळायला लागतं तेव्हा आपल्याला वाटतं की बरं झालं, पण त्याच्या नाकाघशातला विषाणू तेवढाच असतो, आणि आता ते वर्गभर धावतं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून तो पसरवतो, पुढे साधारण पाच ते सात दिवस, आणि लहान मुलं त्याहूनही जास्त. म्हणून ताप गेला की नाही हे औषधाशिवायच बघायचं. इथला नियम म्हणतो की ताप असेपर्यंत घरी. अमेरिकेत ताप उतरवणारं औषध न घेता २४ तास ताप नसावा असं सांगतात. मला तो नियम अधिक पटतो. रविवारच्या शाळेला आपण तोच लावावा.

आदला दिवस मात्र आपल्या हातात नाही. मूल ठणठणीत दिसतं आणि तरी पसरवतं. म्हणून नुसतं आजारी मुलाला घरी ठेवून भागत नाही, लस लागते.

वहिनी, तुमच्या सासूबाईंनी बरोबर वाचलंय. नाकातल्या फवाऱ्यात डुकरापासून काढलेलं, खूप प्रक्रिया केलेलं जिलेटिन असतं. पण जिलेटिन नसलेलं इंजेक्शनही आहे, तेही शाळेतच आणि फुकट. फॉर्मवर तसं लिहा किंवा फॉर्मवरच्या नंबरला फोन करा. कारणाबद्दल कुणी हुज्जत घालत नाही. मला वाईट वाटतं ते याचं की आपल्याकडच्या कित्येक आया काही न विचारता ‘नाही’ लिहून मोकळ्या होतात. वर्गातली सगळी मुलं रांगेत जातात आणि आपलं मूल बाकावर बसून राहतं, आणि ते केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून. फॉर्मची तारीख गेली असेल तरी फोन करा, राहिलेल्यांसाठी वेगळे दिवस ठेवतात.

ज्यांना जिलेटिनचं वावडं नाही त्यांनी फवाराच घ्यावा, मुलांना तो चांगला लागू पडतो. प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिलिलीटर, म्हणजे दोनेक थेंब. जोरात ओढायचंही नसतं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा. रिसेप्शनमधली, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्याच वर्गातली पोरं डोळे घट्ट मिटून बसतात. ‘गुदगुल्या होतील हं’ म्हटलं की एक डोळा उघडतात, आणि तोवर झालेलं असतं. नंतर एक-दोन दिवस नाक गळतं, क्वचित कणकण येते. दम्याच्या मुलाला गेल्या तीन दिवसांत घरघर झाली असेल तर आधी सांगा. रिसेप्शनपासून इथल्या अकरावीपर्यंत (इयर ११) लस शाळेत मिळते. दोन-तीन वर्षांच्या बाळांसाठी जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव सांगा.

‘मग आजोबांनी लस घेतली की झालं ना,’ असं परवा एकीने विचारलं. घ्यायलाच हवी. पण यंदाचे सुरुवातीचे आकडे बघा. रुग्णालयाची पायरी चढावी लागू नये यासाठी लस मुलांमध्ये ७० ते ७५ टक्के कामी आली, मोठ्यांमध्ये ३० ते ४०. म्हणजे आजोबांचं अर्धं संरक्षण नातवाच्या नाकात आहे. जपानने हे करून पाहिलं होतं. १९६२ पासून तिथे शाळकरी मुलांना फ्लूची लस द्यायचे, १९७७ नंतर तर सक्तीने. ८७ साली सक्ती सैल केली आणि ९४ ला कार्यक्रम बंद झाला. मग मागे वळून हिशेब मांडला तेव्हा दिसलं की तेवढी वर्षं म्हाताऱ्या माणसांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी होते आणि लस थांबल्यावर ते पुन्हा वाढले. साधारण ४२० मुलांना टोचलं की एक जीव वाचत होता, आणि तो बहुतेक घरातल्या आजी-आजोबांचा. मला कामाचा कंटाळा आला की मी हा आकडा आठवते. दोन शाळा झाल्या की ४२० च्या आसपास मुलं होतात.

खिडक्यांबद्दल. आपण भाड्याने घेतो त्या वर्गाच्या भिंतीवर एक छोटं पांढरं यंत्र आहे, त्याकडे कुणी बघत नाही. कोविडच्या काळात, २०२१ साली सरकारने असली यंत्रं शाळांना वाटली. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ते मोजतं. ८०० च्या खाली असेल तर हवा खेळती आहे, १५०० च्या वर गेलं तर आपण एकमेकांची उष्टी हवा घेतोय. २ तारखेला लेकीला घ्यायला आले तेव्हा त्यावर १७८० होतं. मी पाहिलं आणि कोट घालून घाईने निघाले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

खिडकी सताड उघडायची गरज नाही. वरची झडप चार बोटं उघडी ठेवली तरी गार वारा थेट मुलांच्या मानेवर येत नाही. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं सगळं उघडायचं. साखळी तुटू शकते, मंडळी. कोविडमध्ये शाळा, प्रवास, गर्दी सगळं थांबलं, तेव्हा फ्लू-बीचा यामागाता नावाचा एक अख्खा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही सापडलेला नाही. म्हणून तर लसीत आता चारऐवजी तीनच प्रकार असतात.

वर्ग बंद करू नये असं माझं मत आहे. सोमवारी मुलं आपापल्या शाळेत जाणारच. पण एकत्र तालीम नको, आणि चिवडा प्रत्येकाला वेगळ्या वाटीत.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य
बुधवार, १९ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात शिक्षक होतो. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यातली एक १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूने देशात झालेला तो पहिला मृत्यू. आठवडाभरात शाळा बंद झाल्या. नायडू रुग्णालयाबाहेर आईबाप मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभे. ज्याला मास्क मिळाला नाही त्याने रुमाल बांधलेला, आणि गणपती पंधरा-वीस दिवसांवर आलेले. माझ्या वर्गातल्या मुलांनी त्या मुलीचं वय ऐकून मला विचारलं होतं, ‘सर, ती आमच्याएवढीच ना?’ काय उत्तर दिलं ते आठवत नाही, प्रश्न आठवतो.

परिचारिकाताईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो विषाणू आता कुठे आहे? आणि आम्ही इथे येताना औषधांचा डबा भरून आणतो. नातीला ताप आला तर त्यातली अर्धी डिस्प्रिन दिली तर चालेल का?

---

प्रेषक: परिचारिका
बुधवार, दुपार

काका, डिस्प्रिन अजिबात नको. तिच्यात अॅस्पिरिन आहे. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना अॅस्पिरिन दिलं तर राय सिंड्रोम होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण यकृत आणि मेंदूवर जातो. इथे १६ वर्षांखाली डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय ते देत नाहीत. सगळ्या आजी-आजोबांनी कृपया आजच तो डबा उघडून पाहावा. डिस्प्रिन आणि इकोस्प्रिन वेगळ्या पिशवीत काढून वर ठेवा. नातवंडांसाठी पॅरासिटामॉल, तेही वयाप्रमाणे बाटलीवर लिहिलेलं तेवढंच. हळदीचं दूध, वाफ, गरम मऊ भात द्या. पाणी मात्र सतत द्या. मूल नीट लघवी करत नाही, श्वास भराभर घेतं, ओठ निळसर दिसतात किंवा उठवून उठत नाही, यातलं काहीही दिसलं तर ९९९ ला फोन करा.

आणि तो २००९ चा विषाणू गेला नाही. तो दर हिवाळ्यातल्या नेहमीच्या फ्लूंपैकी एक झालाय आणि दरवर्षीच्या लसीत असतो. तुमच्या नातीला शाळेत लस मिळेल तेव्हा त्याच्याविरुद्धही मिळेल.

---

प्रेषक: मराठी शाळा, समन्वयक
गुरुवार, २० नोव्हेंबर

मंडळी, काल रात्री शिक्षकांशी बोलले. रविवारी वर्ग भरतील, एकत्र तालीम नाही. बालवर्ग झूमवर. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच मुलाला आणा. माईक फक्त शिक्षकांच्या हातात राहील. खाऊ घरून, ज्याचा त्याने.

आणि एक माझ्याकडून. स्नेहसंमेलनातल्या प्रत्येक भूमिकेला आणि प्रत्येक ओळीला आता दोन मुलं असतील. जे आजारी पडेल त्याची जागा दुसरं घेईल, आणि ज्याची ओळ राहिली त्याला संक्रांतीच्या कार्यक्रमात पहिलं उभं करू. पोवाड्यातल्या चार ओळी तुमच्या मुलाच्याच आहेत, दादा. त्याला सांगा.

यंत्राकडे लक्ष ठेवायला आणि खिडक्या उघडायला कुणी लवकर येऊ शकेल का? चावी साडेनऊला मिळते.

---

प्रेषक: एक पालक (पोवाडा गट)
गुरुवार

मी येतो, दर रविवारी. वरच्या झडपांना आकड्याची लांब काठी लागते, शाळेतली मोडलीय. गॅरेजमध्ये एक आहे, घेऊन येतो.