तेर : गोरोबाकाकांच्याही आधीचं नगर

धाराशिवजवळच्या तेरची ओळख अनेकदा 'गोरोबाकाकांचं', म्हणजे संत गोरा कुंभारांचं, 'गाव' एवढीच सांगितली जाते, म्हणून ही भर घालतो. गोरोबाकाका तेराव्या शतकातले. त्यांच्याही हजारेक वर्षं आधी हे गाव 'तगर' नावाने व्यापारात गाजत होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं, तिथलं कापड आणि मलमल गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जात असल्याचं नोंदलंय. पुढे शिलाहार राजे दूर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असूनही 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरूद अभिमानाने लावत.

गाव तेरणेच्या काठी. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला.

आज इथे ग्रामपंचायत आहे. वस्ती जुन्या पांढरीला, म्हणजे प्राचीन वस्तीच्या टेकाडाला, लागूनच, त्यामुळे पाऊस झाला की मणी, खापरं वर येतात. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यावर इथलं संग्रहालय उभं राहिलं. माझ्या मते हे काम फार मोठं आहे.

त्रिविक्रमाचं विटांचं मंदिरही चुकवू नका. मागून अर्धगोल आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह (प्रार्थनागृह) असावं, असं अभ्यासक मानतात.