काउबॉय बीबॉप: सिरीज संपवून पिक्चर लावला आणि पचका झाला (स्पॉयलर आहेत!)

रात्रपाळी:
काल या जपानी ॲनिमे सिरीजचा (अंतराळात इनामासाठी गुन्हेगार पकडणाऱ्या टोळीची गोष्ट) शेवटचा, २६वा एपिसोड संपला आणि मी अर्धा तास नुसता भिंतीकडे बघत बसलो. मग राहवेना म्हणून लगेच २००१ चा पिक्चर लावला, म्हटलं पुढचं काहीतरी कळेल. तर सिरीजच्या शेवटी कोसळलेला हिरो स्पाइक एकदम ठणठणीत, हॅकर पोरगी एड आणि आइन कुत्रा पण जहाजावर, सगळे एकमेकांवर खेकसतायत जणू काही घडलंच नाही. आधी वाटलं फ्लॅशबॅक असेल, वाट बघितली, मग ट्यूब पेटली पण तोवर मूड गेला होता. स्पाइकचा जुना वैरी व्हिशस आणि प्रेयसी ज्युलिया यांचा पत्ताच नाही, आणि सिरीजमध्ये जे २४ मिनिटांत उरकतात त्याला इथे जवळजवळ दोन तास? माझं काही चुकलं की पिक्चरच फुसका आहे?

जुनाखोड:
चुकलं तुझंच 😄 पिक्चरची गोष्ट एपिसोड २२ आणि २३ च्या मधली आहे. २२ नंतर थांबायचं, पिक्चर बघायचा, मग २३. कारण २४ मध्ये एड आणि आइन निघून जातात, जहाजाचा मालक जेट सगळ्यांसाठी अंडी उकडून ठेवतो आणि शेवटी तो आणि स्पाइक दोघंच एक शब्द न बोलता सगळ्यांच्या वाटची कोंबत बसतात. पिक्चरमध्ये ती पाचही टाळकी एकत्र आहेत हेच तर सुख आहे, शेवट बघून आलेल्याला तिथे पुढची गोष्ट कशी मिळणार?

तिखटमीठ:
क्रम बरोबर आहे पण म्हणून पिक्चरला सगळं माफ नाही हां. मधे स्पाइक त्या मोरोक्कोसारख्या बाजारात फिरतो ते दिसायला सुंदर आहे पण गोष्ट तिथेच बसकण मारते. आणि टोळीतली फे, तिचं काय केलंय! सुरुवातीला हॅकरच्या मागे तीच असते, टँकर फुटताना तीच बघते, आणि नंतर तिला बांधून ठेवलं की संपलं. सिरीजमध्ये तिची ती जुनी व्हिडिओ कॅसेट बघताना माझ्या घशात आवंढा आला होता, त्याच्या पासंगालाही पुरेल असं काही तिला इथे दिलेलं नाही.

बारकावेबहाद्दर:
फेबद्दल सहमत. पण पिक्चरमधल्या व्हिन्सेंटला नुसता ‘३० कोटी वूलाँग (तिथलं चलन) इनामाचा व्हिलन’ म्हणून सोडू नका राव. टायटनवरच्या (शनीचा चंद्र) युद्धात त्याच्यावर प्रयोग झाले, आठवणी गेल्या, आता त्याला स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं तेच कळत नाही. आणि स्पाइक? एका डोळ्याने भूतकाळ बघतो म्हणणारा, सगळं स्वप्नच वाटतं म्हणणारा. म्हणजे व्हिशस हा त्याचा जुना हिशोब आणि व्हिन्सेंट हा आरसा. म्हणूनच मला स्पाइक-व्हिन्सेंटची शेवटची मारामारी सिरीजमधल्या स्पाइक-व्हिशसच्या चर्चच्या सीनपेक्षाही जास्त लागली (मारा मला). शिवाय हाताने काढलेलं ॲनिमेशन बघा ना, सिरीज सनराइझ स्टुडिओची, पिक्चर तिथूनच बाहेर पडलेल्या लोकांच्या बोन्स स्टुडिओने केलेला, दिग्दर्शक वातानाबेच. लाथ बसली की अंगाचं वजन जाणवतं. संगीतकार योको कान्नोबद्दल बोलत नाही, रात्र जाईल.

रात्रपाळी:
आरशाचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता फक्त सुरुवातीचा दुकानातल्या दरोड्याचा सीन परत लावला, तो टॉयलेटमधून चौथा चोर निघतो तो. काल कपाळाला आठ्या घालून बघितला होता, आज मोठ्याने हसलो. म्हणजे पिक्चर तोच, मीच सुतकात बसलो होतो. पण फेचा मुद्दा आणि लांबीचा मुद्दा मला अजून पटतो. शनिवारी २२ पासून नीट क्रमाने लावतो. २४ गाळला तर चालेल का? ती अंडी परत नाही झेपणार.

जुनाखोड:
नाही चालणार. गुपचूप बघ.