‘इन विच’ आधी शिकवावे की ‘इन’ वाक्याच्या शेवटी ठेवावे?

नाशिकरोडची शिकवणी

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांपुढे एक मुद्दा ठेवत आहे. ‘द हाऊस इन विच वी लिव्ह’ आणि ‘द हाऊस वी लिव्ह इन’ या दोन्ही रचना शुद्ध आहेत, याबद्दल दुमत नसावे; प्रश्न आहे तो आधी कोणती शिकवावी याचा. माझे मत असे की, प्रीपोझिशन (‘इन’, ‘फॉर’, ‘विथ’ असा नामाआधी येणारा शब्द) उपवाक्याच्या तोंडाशी आणणारी पहिली रचना आधी शिकवावी आणि तिच्यावर मुलांचा हात बसेपर्यंत दुसरीकडे वळूच नये.

याचे कारण आपल्या भाषेत आहे. ‘ज्या घरात आम्ही राहतो ते घर’ असे म्हणताना ‘त’ हा प्रत्यय आपण ‘ज्या घरा’पासून सोडवून वाक्याच्या टोकाला नेऊ शकत नाही. ‘फॉर हूम’ म्हणजे ‘ज्याच्यासाठी’, ‘विथ हूम’ म्हणजे ‘ज्याच्याबरोबर’ हे मुलांना फोड न करता कळते. याउलट प्रीपोझिशन शेवटी ठेवायला सांगितले की, ती हमखास गळते. ‘द कंपनी विच माय फादर वर्क्स’, ‘द बेंच विच आय सिट’ अशी वाक्ये दर वर्षी उत्तरपत्रिकांत भेटतात. तोंडाशी ‘इन’ लिहिण्याची सवय ज्याला लागली आहे, त्याच्या हातून ते सुटत नाही, कारण त्याचे उपवाक्य त्याशिवाय सुरूच होत नाही.

दिंडोरीचा निर्यातवाला

ताई, परीक्षेपुरते आपले म्हणणे मान्य आहे, परंतु हीच मुले पुढे आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा काय होते ते सांगतो. द्राक्षांच्या हंगामात नेदरलँड्सच्या खरेदीदारांशी दिवसभर पत्रव्यवहार चालतो. नव्याने आलेला, व्याकरणात पक्का असलेला मुलगा लिहितो, ‘प्लीज टेल अस द पर्सन टू हूम वी शुड टॉक.’ वाक्यात काडीची चूक नाही, पण समोरचा माणूस ‘हू शुड वी टॉक टू?’ असे साधे लिहिणारा आहे. त्याला आपले पत्र वकिलाकडून आल्यासारखे वाटते. फोनवर तर याहून पंचाईत होते. ‘व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?’ एवढे विचारायचे असताना ‘अबाउट व्हॉट आर यू टॉकिंग?’ असे कोणी म्हटले की, ऐकणाऱ्याला तो उलटतपासणीचा सूर वाटतो.

करारनाम्याची गोष्ट वेगळी. ‘द टेंपरेचर अ‍ॅट विच द ग्रेप्स आर टू बी कॅरीड’ हे तिथे तसेच लागते आणि तिथे मी ते बदलू देत नाही. पण करार हंगामात एकदाच होतो, बोलणे रोज होते.

गंगापूर रोडचा अनुवादक

मूळ मुद्द्यातील मराठीविषयीचा युक्तिवादच मला पटत नाही. ‘ज्या घरात आम्ही राहतो ते घर’ ही व्याकरणाच्या पुस्तकातली मराठी झाली. नाशिकच्या कोणत्याही घरात, रिक्षात किंवा मंडईत कान देऊन ऐका. लोक म्हणतात, ‘आम्ही राहतो ते घर’, ‘बाबा काम करतात ती कंपनी’, ‘मी बसतो तो बाक’. या रचनेत ‘ज्या’ही नाही आणि ‘त’ही नाही, प्रत्यय पूर्णपणे गिळला जातो आणि तरीही अर्थाला कुठे बाधा येत नाही. आपल्या विद्यार्थ्याचे ‘द कंपनी विच माय फादर वर्क्स’ नेमके इथून आले आहे. म्हणजे दोष प्रीपोझिशनच्या जागेचा नाही. बोलीतल्या मराठीत जिथे काहीच नसते, तिथे इंग्रजीत काहीतरी ठेवावेच लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्यासाठी ‘इन विच’चा आधार कशाला हवा?

आणखी एक अडचण आहे. प्रीपोझिशन पुढे आणली की, मागोमाग फक्त ‘विच’ किंवा ‘हूम’ चालते, ‘दॅट’ चालत नाही. ‘द हाऊस इन दॅट वी लिव्ह’ हे चूक, पण ‘द हाऊस दॅट वी लिव्ह इन’ बरोबर, आणि ‘दॅट’ गाळले तरी बरोबर. मुलाला सैल रचना सोडायला लावून आपण त्याला अधिक अटींच्या रचनेत ढकलतो.

निवृत्त मास्तर, पंचवटी

दोन्ही बाजू वाचल्या. शेवटी येणारी प्रीपोझिशन अशुद्ध असते, हा समज आमच्या पिढीने छडीसकट घेतला, म्हणून त्याचे मूळ सांगतो. 1672 साली इंग्रज कवी जॉन ड्रायडनने आधीच्या पिढीतील नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा रचनेवर बोट ठेवले. पुढे 1762 साली रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात लिहिले की, प्रीपोझिशन आधी ठेवणे अधिक डौलदार आणि स्पष्ट असते व गंभीर शैलीला शोभते. पण शेवटी ठेवणे ही भाषेची स्वाभाविक ओढ असून रोजच्या बोलण्यात तीच चालते, हेही त्यानेच नमूद केले. म्हणजे ज्याच्या नावावर ही बंदी खपवली जाते, त्याने ती घातलीच नव्हती. 1926 साली इंग्रजीच्या वापरावरील कोश लिहिणाऱ्या फाउलरने तर या समजुतीला अंधश्रद्धाच म्हटले.

मात्र निर्यातवाल्यांनी ‘करारापुरते’ म्हटले, ते मला अपुरे वाटते. काही ठिकाणी पुढे आणण्याला पर्यायच नसतो. ‘द एक्स्टेंट टू विच’ हे मोडून ‘टू’ शेवटी नेले, तर वाक्य लंगडे पडते. ‘द बॉक्सेस, मोस्ट ऑफ विच वेअर डॅमेज्ड’ यातील ‘मोस्ट ऑफ’ कुठे नेणार? उलट ‘लुक आफ्टर’सारख्या जोडीत ‘द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्स’ म्हटले, तर मूल पुढे चालले आहे आणि बाई त्याच्याकडे पाठीमागून बघत आहेत, असा भास होतो. म्हणून एक रचना आधी आणि दुसरी नंतर, असा क्रमच मला मान्य नाही. कोणत्या क्रियापदाशी आणि नामाशी काय बसते, ते सोबतच शिकवावे लागते.

नाशिकरोडची शिकवणी

सर, सोबत शिकवणे ऐकायला बरे वाटते, पण माझ्यासमोर चाळीस मुले आणि एक फळा असतो. 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे खरे. तरी घरी कानावर एकही इंग्रजी वाक्य न पडणारे मूल ‘लुक आफ्टर’ आणि ‘लिव्ह इन’ यांतला फरक कानाने ओळखू शकत नाही. त्याला एक घट्ट साचा हवा असतो. अनुवादकांचे बोली मराठीविषयीचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो: मूल बोलीत प्रत्यय गिळते, म्हणूनच त्याला तो सर्वांत आधी लिहायला लावावा.

गंगापूर रोडचा अनुवादक

साचाच द्यायचा, तर हा द्या. आधी पूर्ण वाक्य लिहायला लावा: ‘माय फादर वर्क्स फॉर धिस कंपनी.’ मग त्यातील ‘धिस कंपनी’ उचलून पुढे ‘द कंपनी’ म्हणून ठेवायला सांगा आणि उरलेले शब्द जसेच्या तसे खाली उतरवू द्या: ‘द कंपनी माय फादर वर्क्स फॉर.’ ‘फॉर’ गळण्याचा प्रश्न येत नाही, कारण तो जागचा हललेलाच नाही. करारातील रचना हवी असेल, तर तोच ‘फॉर’ उचलून ‘विच’आधी लावायचा. यात क्रियापद आणि त्याची प्रीपोझिशन मुलाच्या नजरेसमोर सतत जोडीने राहतात, जे थेट ‘इन विच’ पाठ केल्याने होत नाही. असे पाठ केलेल्या मुलाकडून ‘द फ्रेंड इन विच आय डिपेंड’ आलेले मी पाहिले आहे.

सातपूरचा शिफ्ट इन्चार्ज

या चर्चेला लागून एक शंका. आमच्या शिफ्ट रिपोर्टमध्ये ‘ड्यू टू द मशीन वॉज डाउन’ असे सर्रास लिहिले जाते. इथे तर प्रीपोझिशन तोंडाशीच आहे. मग हे चूक का ठरते?

निवृत्त मास्तर, पंचवटी

कारण ‘ड्यू टू’ला पुढे नाम लागते, अख्खे वाक्य चालत नाही. मराठीत ‘मशीन बंद पडल्यामुळे’ असे म्हणताना ‘मुळे’ क्रियापदाच्याच रूपाला चिकटते, त्यामुळे आपल्याला वाटते की, कारण सांगणारा शब्द आला की पुढे क्रियापद चालतेच. त्यात ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांच्यापुढे नामही येते आणि वाक्यही, म्हणून गोंधळ वाढतो. ‘इन केस’पुढे वाक्य थेट येते, ‘ऑन कंडिशन’ला ‘दॅट’ लागते आणि ‘इन स्पाइट ऑफ’ला मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ घालावे लागते. तुमच्या रिपोर्टपुरते सांगायचे, तर ‘ड्यू टू मशीन ब्रेकडाउन’ किंवा ‘बिकॉज द मशीन वॉज डाउन’ लिहा.

नाशिकरोडची शिकवणी

अनुवादकांची रीत नववीच्या तुकडीवर करून बघेन, कारण तिथे अजून वेळ आहे. दहावीला मात्र ‘इन विच’च राहील. दोन वाक्ये जोडण्याच्या प्रश्नात ‘इन’ गळले की गुण जातात, आणि तो धोका मार्चच्या तोंडावर मी घेणार नाही.