गणेशोत्सवाचे पान स्क्रीन रीडरला वाचता येत नाही

संकेतस्थळ समितीस सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाचा कार्यक्रम आपल्या संकेतस्थळावर आल्याचे कळल्यावर मी तो काल एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणक-प्रणाली) लावून ऐकण्याचा प्रयत्न केला. (मला कडेने थोडे दिसते, वाचनासाठी मात्र कानांवरच विसंबावे लागते.) ऐकू आले ते एका फाइलचे नाव आणि लांबलचक आकडा, कारण संपूर्ण पत्रिका चित्र म्हणून चढवलेली आहे. खालचे निवेदन अक्षरांत आहे, पण त्यातून ऐकू आली ती रोमन अक्षरांची निरर्थक गुंतवळ. दांडिया बाजारातल्या माझ्या शेजारणीला मात्र तेथे स्वच्छ मराठी दिसते. महाप्रसादाच्या नावनोंदणीत प्रत्येक रकान्यापाशी ‘एडिट, ब्लँक’ एवढेच ऐकू येते. नाव कोठे आणि फोन कोठे हे मी अंदाजाने ठरवले आणि शेवटी चित्रातल्या वेड्यावाकड्या अक्षरांपाशी अडले. कृपया यावर काही करता येईल का?

आपली, एक ज्येष्ठ सभासद

---

ताई, नमस्कार.

पान मीच तयार केले आहे, त्यामुळे क्षमस्व. पानाच्या कोपऱ्यात बसणारे एक ‘सुगम्यता बटण’ वार्षिक वर्गणीवर मिळते. ते दाबले की अक्षरे मोठी होतात आणि रंग बदलतात. समितीची संमती असल्यास या आठवड्यातच घेऊ.

संकेतस्थळ सांभाळणारा

---

सर्वांस नमस्कार,

संकेतस्थळांची तपासणी हा माझा व्यवसाय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. त्या बटणावर मंडळाचा पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्षरे मोठी करण्याची सोय ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीच असते. आणि ज्या मजकुरात मराठी मुळात साठवलेलेच नाही, त्यात ते बटण मराठी कोठून आणणार?

ताईंना ऐकू आलेली गुंतवळ जुन्या डीटीपी (संगणकावरील छपाई-जुळणीच्या) फाँटची आहे. त्या पद्धतीत अक्षरांचे आणि मात्रांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि मजकूर कागदावर छापायचा होता तोवर त्यात काही बिघडत नव्हते, कारण डोळा आकार वाचतो; स्क्रीन रीडर मात्र आकार न पाहता आतले चिन्ह वाचतो, आणि आत रोमन अक्षरच असते. (जुन्या स्मरणिकांतले लेख शोधून सापडत नाहीत, या तक्रारीचे मूळही हेच.) युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समाईक संगणकीय चिन्हपद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत. तेव्हा निवेदन परिवर्तकातून (जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रणालीतून) काढावे, जोडाक्षरे आणि रफार एकदा नजरेखालून घालावेत, आणि पत्रिका चित्रासोबत मजकूर म्हणूनही द्यावी.

आपल्या पानावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी एकाखाली एक येतात, पण कोडमध्ये सगळ्या पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली आहे. प्रत्येक परिच्छेदाला त्याच्या भाषेची खूण दिली, तर स्क्रीन रीडर त्या भाषेचा आवाज निवडू शकतो. एरवी मराठी मजकूर हिंदी आवाजाच्या हाती पडला, की ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन वेगळे च एकच होऊन बसतात.

नावनोंदणीत रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना म्हणजे रकान्याचे नाव नव्हे. नाव कोडमध्ये रकान्याशी जोडावे लागते. नाव नोंदवणारा माणूसच आहे ना, हे पाहणारी वेड्यावाकड्या अक्षरांची परीक्षा सरळ काढून टाकावी; महाप्रसादाच्या यादीत यंत्रमानव नाव घालतील, अशी भीती मला वाटत नाही. भगव्या पट्टीवरची पांढरी अक्षरेही मी मोजली : रंगभेदाचे प्रमाण २.१ निघाले. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ते साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ हवे. कमी दिसणाऱ्यांना ती पट्टी कोरीच भासत असणार. गडद तपकिरी अक्षरे घेतली, तर भगवा रंग सोडावा लागणार नाही.

डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटले आहे. अर्थात आपल्या मंडळाला त्यासाठी न्यायालयाची आठवण करून द्यावी लागू नये.

आपला, एक सभासद

---

सप्रेम नमस्कार,

नवे पान आज ऐकले. कीर्तन चौथ्या दिवशी सायंकाळी सहा वाजता आहे, हे कोणालाही न विचारता समजले आणि महाप्रसादाला दोन नावेही नोंदवली. फक्त पहिल्या ओळीतला रफार परिवर्तकाने गिळलेला दिसतो. मला अजून ‘उत्सवाचा कायक्रम’ ऐकू येतो आहे.

आपली, ज्येष्ठ सभासद