नौदलाच्या जुन्या एमएफव्ही बोटींचं पुढे काय झालं, हे कसं शोधायचं?

अजिंक्यतारा_मॉडेल (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचा जहाजांची मॉडेल करणाऱ्यांचा छोटा गट आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने मासेमारी नौकांच्या धर्तीवर ज्या लाकडी एमएफव्ही (मोटर फिशिंग व्हेसल) बांधून घेतल्या, त्यातल्या 61.5 फुटी प्रकाराचं 1:48 मापाचं मॉडेल सध्या चालू आहे. मॉडेल साधारण 39 सें.मी. भरतं. प्रदर्शनात शेजारच्या पाटीवर त्या बोटीचा पुढचा इतिहास लिहायचा आहे: कोणी घेतली, नाव काय ठेवलं, शेवट कसा झाला.

हाताशी दोन गोष्टी आहेत. एक, नौदलातला एमएफव्ही नंबर. तो 400 च्या आतला आहे. दोन, 1950 नंतरचा एक कृष्णधवल फोटो. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बीएफ अक्षरं आणि तीन आकडे दिसतात, पण शेवटचा आकडा पुसट आहे. ही दोन्ही एकाच बोटीची म्हणून मिळाली आहेत, पुरावा मात्र काही नाही. नावाने शोधलं की एकाच नावाच्या पाच-सहा बोटी समोर येतात. सुरुवात कुठून करावी? आणि हे सगळं इथे बसून होण्यासारखं आहे का?

कृष्णाकाठ_सांगली

बरंचसं इथे बसून होतं. पण आधी एक नियम स्वतःला घालून घ्या: नावाच्या मागे लागायचं नाही. नाव मालकागणिक बदलतं, आणि किनाऱ्यावर आवडती नावं मोजकीच होती.

पहिली तपासणी नौदलाच्या नंबराची. नंबरांचे गट प्रकारानुसार होते. 1 पासून पुढे 61.5 फुटी, 601 पासून 45 फुटी, 1001 पासून 75 फुटी आणि 1501 पासून 90 फुटी. तुमचा नंबर 400 च्या आत आहे, म्हणजे प्रकार जुळतो. युद्ध संपल्यावर बऱ्याच ऑर्डरी रद्द झाल्या, त्यामुळे गटांत मोकळे नंबर आहेत. म्हणून नंबर आहे म्हणजे बोट होतीच असं धरू नका, ती पुरी होऊन नौदलाच्या ताब्यात गेली होती का, हे आधी पाहा.

दुसरा सापळा खुद्द 'एमएफव्ही' या अक्षरांचा. ब्रिटनमध्ये कुठल्याही यांत्रिक मासेमारी बोटीच्या नावाआधी ही अक्षरं लावायची पद्धत आहे. 'एमएफव्ही अमुकतमुक' अशी नोंद दिसली म्हणजे ती नौदलाची होती असं मुळीच नाही. नौदलातल्या बोटींना नाव नसायचं, फक्त नंबर.

आता फोटोतला बीएफ. बीएफ म्हणजे बॅन्फ, स्कॉटलंडचा ईशान्य किनारा. पण भिंगाखाली बघून घ्या, कारण रंग उडालेला असला तर बीएफ आणि बीके यात गल्लत होते, आणि बीके म्हणजे बेरिक. शेजारपाजारची बंदरं म्हणजे बीसीके बकी, एफआर फ्रेझरबर्ग, पीडी पीटरहेड, आयएनएस इनव्हर्नेस. हा मासेमारी नंबर बंदराला बांधलेला असतो. आपल्याकडे एमएच 10 ची गाडी साताऱ्यात विकली तरी पाटी तीच राहते. तिकडे बोट दुसऱ्या बंदरात नोंदली की अक्षरंही नवी आणि आकडेही नवे. वर, मोकळा झालेला जुना नंबर त्या बंदरात पुढे दुसऱ्याच बोटीला मिळतो. त्यामुळे नंबर कधीही एकटा टिपू नका, सोबत वर्ष हवंच.

चेसिस नंबरासारखी जन्मभर टिकणारी गोष्ट म्हणजे ऑफिशियल नंबर. ब्रिटिश जहाज म्हणून नोंद झाली की तो मिळतो, आणि नाव, मालक, बंदर बदललं तरी तोच राहतो. बोटीत तो मुख्य तुळईवर टनेजसकट (टनांतल्या मापासकट) कोरलेला असतो. तुमच्या प्रकाराला तो मिळालेला असणार. 45 फुटी बोटींचं मात्र अवघड असतं. 1894 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात 15 टनांपर्यंतच्या किनारी नौकांना जहाज-नोंदणीतून सूट होती, त्यामुळे त्यातल्या काहींना हा नंबर कधी मिळालाच नाही. तिथे फक्त मासेमारी नोंदणीच्या वह्या उरतात.

तो काढायचा असा. ओल्सेनच्या मच्छीमार पंचांगात दरवर्षी बंदरवार बोटींची यादी छापत. फोटोच्या आसपासच्या वर्षांचा अंक मिळवा, बॅन्फच्या यादीत तुमचे पहिले दोन आकडे जुळणाऱ्या जास्तीत जास्त दहा नोंदी असतील. त्यातली नावं उतरवून घ्या. मग मर्कंटाइल नेव्ही लिस्टच्या (नोंदलेल्या ब्रिटिश जहाजांच्या छापील यादीच्या) युद्धानंतरच्या खंडात तीच नावं बघा. तिथे ऑफिशियल नंबर, बांधणीचं गाव आणि वर्ष, मापं, टनेज, मालक एका ओळीत मिळतात. 1943 ते 1946 सोडून बाकी बांधणी-वर्षं खोडून टाका. दहातल्या एक-दोनच उरतात.

ऑफिशियल नंबर हाती आल्यावर क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर ॲप्रोप्रिएशन बुक्सची पानं फुकट बघता येतात. 2,00,000 पर्यंतचे नंबर तिथे आहेत. तो नंबर कोणत्या बंदरात, केव्हा आणि कोणत्या नावाला दिला, ते तिथे कळतं. पहिलं नाव वेगळं निघालं तर घाबरू नका, तोच तर शोधायचा दुवा आहे.

मिरज_डिझेल

कृष्णाकाठ सरांच्या पोस्टला इंजिनाची पुरवणी देतो, कारण फोटोवरून बोट ओळखताना लोक इंजिनावर फार विसंबतात.

61.5 फुटीत केल्विनचं 88 अश्वशक्तीचं के4 असायचं. ग्लासगोच्या बर्गियस कंपनीचं हे इंजिन, चार सिलिंडर, 6 इंच बोअर, 9 इंच स्ट्रोक, मिनिटाला 750 फेऱ्यांना सिलिंडरमागे 22 अश्वशक्ती. चालू करायची पद्धत विशेष आहे. पेट्रोलवर, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि प्लगने, कमी कॉम्प्रेशनवर हँडल मारून सुरू करायचं, थोडं गरम झालं की डिझेलवर वळवायचं. मॉडेलमध्ये इंजिनरूम उघडी दाखवणार असाल तर मॅग्नेटो आणि पेट्रोलची छोटी टाकी विसरू नका. नुसतं डिझेल इंजिन बसवलं तर जाणकाराला लगेच खटकेल. 75 फुटीत 160 अश्वशक्तीचं लिस्टर ब्लॅकस्टोन असे, ते याच्यात घालू नका.

पण मासेमारीत गेल्यावर बऱ्याच मालकांनी इंजिन बदललं. गार्डनरचं 6एल3 हे त्यातलं नेहमीचं. म्हणून 'यादीत 114 अश्वशक्ती लिहिली आहे, म्हणजे ही आपली बोट नव्हे' असा निष्कर्ष काढू नका. इंजिन-बदलाची नोंद रजिस्टरात होते, तिथे तारखेसह पडताळून बघा. उलट बाजूही लक्षात ठेवा: कुठे जुनं के4 सुटं सापडलं, त्यावरचा नंबर इंजिनाचा असतो, बोटीचा नव्हे. इंजिनं एका बोटीतून दुसरीत सहज जात.

फोटोत इंजिनापेक्षा भरवशाचं म्हणजे कवच. गोल क्रूझर स्टर्न (मागचं टोक) आहे का, रेलिंगच्या रेषेचा उतार कसा आहे, हे पाहा. व्हीलहाउस (सुकाणूची खोली), डोलकाठी, विंच ही सगळी बदलणारी सामग्री. व्हीलहाउस तर नवीन मालक हमखास उंच किंवा रुंद करून घ्यायचा.

अजिंक्यतारा_मॉडेल

दोघांचेही मनापासून आभार. पंचांगाच्या यादीवरून दोन बोटी उरल्या. दोन्हींचं बांधणीचं गाव एकच, वर्षही एकच! शिवाय लिस्टमधली लांबी 61.5 नाही. रुंदीचा आकडा 17.8 दिला आहे, मी 17 फूट 8 इंच धरून आराखड्यावर टाकला तर बसत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

रुंदीचं आधी. त्या लिस्टमध्ये मापं फूट आणि दशांशात असतात. 17.8 म्हणजे 17 फूट 9.6 इंच. 1:48 ला फरक जेमतेम 0.85 मि.मी. पडतो, पण बल्कहेड (आतले आडवे पडदे) कापताना दोन्ही बाजूंना मिळून तो जाणवेल. लांबीबद्दल असं की नोंदणीची लांबी नाळेच्या पुढच्या कडेपासून मागे सुकाणूच्या खांबापाशी मोजतात. त्यामागे लोंबणारा गोल स्टर्न तिच्यात धरत नाहीत. प्रकाराचं नाव, नोंदणीची लांबी आणि एकूण लांबी हे तीन वेगळे आकडे आहेत. जुळले नाहीत म्हणून बोट बाद करायची नाही.

गाव आणि वर्ष सारखं येणारच. बकी, फ्रेझरबर्गसारख्या ठिकाणी एकेका यार्डाने एकापाठोपाठ अशा कितीतरी बोटी पाण्यात सोडल्या. इथेच बहुतेकांचा शोध घसरतो. एकाच यार्डाच्या दोन बोटी, त्यातली एक 'बहुधा आपली' म्हणून लिहून टाकतात, आणि पुढची दहा माणसं तीच ओळ उतरवतात. इथे मूळ कागदाला पर्याय नाही.

तो कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, बीटी 110 या मालिकेत. नोंदणी बंद झालेल्या जहाजांची कागदपत्रं तिथे आहेत. त्यांच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये मालिका बीटी 110 पुरती मर्यादित करून ऑफिशियल नंबर टाका, नाव नको. नोंद सापडली की आधी 'पेज चेक' मागवायचा, ते पानं मोजून दर कळवतात, मग डिजिटल प्रत मागवायची. दोन्ही बोटींच्या प्रती मागवा. एकीच्या कागदात तुमचा एमएफव्ही नंबर दिसणं आणि दुसरीच्या कागदात दुसरा नंबर दिसणं, असं दोन्ही झालं की प्रश्न मिटला.

कागद वाचताना मालकी 64 हिश्शांत दिसेल. तीन भावांत 22, 21, 21 अशी वाटणीही असते. गहाणखताच्या नोंदी वगळू नका. 1945 च्या इनशोअर फिशिंग इंडस्ट्री कायद्याखाली मच्छीमारांना बोटींसाठी अनुदान आणि कर्ज मिळत असे, त्यामुळे बोट कशी घेतली ते बऱ्याचदा तिथूनच कळतं.

शेवटची ओळ सगळ्यात जपून वाचा. 'फुटली', 'मोडीत काढली', 'परदेशी विकली', 'यॉट केली' असं कारण आणि नोंद बंद झाल्याची तारीख असते. ही तारीख कार्यालयाला कळल्याची असते, घटनेची नव्हे. मालकाने कळवलंच नाही तर बोट खडकावर फुटल्यावर कित्येक वर्षांनी नोंद बंद झालेली दिसते. घटनेची तारीख स्थानिक वर्तमानपत्रात किंवा फिशिंग न्यूज या साप्ताहिकात शोधायची. 'यॉट केली' असेल तर लॉइड्सच्या यॉट रजिस्टरमध्ये जा, ते 1980 पर्यंत निघत होतं आणि त्यात पूर्वीची नावंही देतात. लॉइड्सच्या मुख्य जहाज-रजिस्टरात वेळ घालवू नका, ते 100 ग्रॉस टनांपासून पुढच्या जहाजांचं, तुमची बोट त्यात बसत नाही.

बीटी 110 मध्ये काहीच सापडलं नाही, तर नोंद बरीच उशिरापर्यंत चालू असण्याची शक्यता धरा. 1988 च्या कायद्यानंतर मासेमारी बोटींची नोंदणी बंदरांकडून काढून वेल्समधल्या कार्डिफला एकत्र केली. तिथून जुन्या मालकांसह उतारा मागवता येतो. शिवाय युरोपियन युनियनचं फ्लीट रजिस्टर ऑनलाइन फुकट आहे. देश ब्रिटन, बांधणी-वर्ष 1943 ते 1946 असं गाळून बघा. प्रत्येक बोटीपुढे घटनांचे संकेत असतात: सीईएन म्हणजे गणनेत आली, एमओडी बदल, ईएक्सपी परदेशी गेली, आरईटी मासेमारीतून निघाली, डीईएस नष्ट केली. 1993 पासून ब्रिटनमध्ये ताफा कमी करण्यासाठी भरपाई देऊन बोटी मोडीत काढल्या, चांगल्या धडधाकट लाकडी बोटीसुद्धा त्यात गेल्या. वाईट वाटतं, पण डीईएस दिसलं तर शोध तिथे थांबतो.

वाई_पाणबुडी

एक शक्यता राहिली. सगळ्या एमएफव्ही 1946 च्या सुमारास विकल्या गेल्या नाहीत. काही नौदलाने पुढे कित्येक वर्षं स्वतःकडेच ठेवल्या, 1962 मध्ये उभ्या राहिलेल्या रॉयल नेव्हल ऑक्झिलरी सर्व्हिसनेही (नौदलाच्या स्वयंसेवक दलानेही) त्या वापरल्या. तुमचा एमएफव्ही नंबर 1950 नंतरच्या नौदलाच्या याद्यांत कुठे दिसला, तर तो बीएफचा फोटो त्या बोटीचा असूच शकत नाही, निदान त्या वर्षापर्यंत तरी. क्यूला पैसे पाठवण्याआधी हे तपासा, एका संध्याकाळचं काम आहे.

आणि क्यूच्या प्रती येईपर्यंत प्रदर्शनाची तारीख आली, तर पाटीवर नौदलातला नंबर, यार्डाचं गाव आणि बांधणीचं वर्ष एवढंच लिहा. मॉडेल राखाडी रंगातच ठेवा, बीएफचे आकडे रंगवू नका. मासेमारीचं नाव नंतर चिकटवता येईल.

अजिंक्यतारा_मॉडेल

नौदलाच्या याद्या आजच बघतो. दोन्ही ऑफिशियल नंबर कॅटलॉगमध्ये टाकले, एक बीटी 110 मध्ये सापडला, दुसरा नाही. सापडलेल्याचा पेज चेक मागवला आहे, दुसऱ्यासाठी कार्डिफला लिहितो. मिरज_डिझेल, के4 च्या मॅग्नेटोची बाजू दिसेल असा एखादा आराखडा असेल तर इथे टाका, इंजिनरूमचं झाकण मी उघडं ठेवणार आहे.