मदत हवी आहे : अमेरिकेतील पहिले पक्ष नेमके केव्हापासून ‘पक्ष’ मानावेत?

फेडरलिस्ट आणि जेफरसनवादी रिपब्लिकन या पहिल्या दोन अमेरिकी पक्षांवर मी मराठीत लेख लिहीत असून त्यांच्या उदयाच्या कालनिश्चितीपाशी अडलो आहे. १७९१ मध्ये अर्थमंत्री व फेडरलिस्टांचे नेते हॅमिल्टन यांच्या राष्ट्रीय बँकेचे विधेयक प्रतिनिधीगृहात (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) ३९ विरुद्ध २० मतांनी संमत झाले. परंतु विरोधातील बहुतेक मते दक्षिणेकडील राज्यांची असल्यामुळे ही फूट मला पक्षीय न वाटता प्रादेशिकच वाटते. त्याच वर्षी फिलिप फ्रेनो या संपादकाचे, जेफरसनच्या बाजूचे ‘नॅशनल गॅझेट’ हे वृत्तपत्र सुरू झाले, तरी एका वृत्तपत्राभोवती जमलेल्या मंडळींना पक्ष म्हणणे मला घाईचे वाटते. याउलट ब्रिटनशी झालेल्या ‘जे करारा’च्या (Jay Treaty) अंमलबजावणीसाठी लागणारा निधी एप्रिल १७९६ मध्ये अवघ्या ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला, तेव्हा कराराला विरोध करणारे, जेफरसनचे सहकारी मॅडिसन यांच्या बाजूचे सदस्य बऱ्याच अंशी संघटितपणे वागताना दिसतात.

वॉशिंग्टनचे निरोपाचे निवेदन आणि जेफरसन-मॅडिसन पत्रव्यवहार मी वाचला आहे. त्यांतून परस्परांविषयीचा संशय कळतो, संघटनेची घडण मात्र कळत नाही. १८०० च्या निवडणुकीविषयी माहिती पुरेशी आहे, तिची गरज नाही. सशुल्क नियतकालिके मला उपलब्ध नाहीत, त्यामुळे विनामूल्य वाचता येणारी साधने सुचवल्यास उपकार होतील.

१७९३ ते १७९६ या काळातील कोणती मतदाने तपासली असता प्रादेशिक निष्ठा आणि पक्षनिष्ठा वेगळ्या काढता येतील, आणि विशेषतः पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्कच्या सदस्यांची मते त्यासाठी निर्णायक मानता येतील का?