धडक देऊन पिकअप पळाला, नंबर नाही. काही करता येतं का?

दूधवाल्याची_लेक:
आमचे आण्णा ६१ वर्षांचे. रोज पहाटे साडेचारला मोटरसायकलला दोन कॅन लावून दूध संकलन केंद्रावर जातात. आज २४ दिवस झाले, फाट्यावर वळताना मागून पिकअपने उडवलं. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, रॉड घातलाय. केंद्रावरचा पोरगा आवाज ऐकून धावत आला म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला. आण्णांना आठवतं ते एवढंच : पांढरा पिकअप, मागे हिरवी ताडपत्री.

आत्तापर्यंत १,८०,००० गेले. पोलिसांनी दवाखान्यात येऊन जबाब घेतला. त्यानंतर ठाण्यात गेले तर म्हणाले, "नंबर आणा, मग बघू." नंबर आम्ही कुठून आणायचा? आणि एक वकील आपणहून दवाखान्यात आले होते. कोऱ्या वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) सही करा म्हणाले, मिळेल त्यातलं निम्मं तुमचं, निम्मं आमचं. मी सही केली नाही, पण आता वाटतंय चुकलं की काय.

वाऱ्यावरची_वरात:
नंबर नाही म्हणजे विषय संपला. माझ्या मामांना २०१६ मध्ये असंच झालं होतं. साडेबारा हजार मिळतात असं कळलं, त्यासाठी चकरा मारून चपला झिजल्या आणि शेवटी सोडून दिलं. तुम्ही आण्णांच्या पायाकडे बघा.

निवृत्त_अव्वल_कारकून:
ताई, वरचे गृहस्थ चुकीचं बोलत नाहीत, पण जुनं बोलताहेत. गंभीर दुखापतीला १२,५०० आणि मृत्यूला २५,००० हा हिशेब १ एप्रिल २०२२ ला मोडीत निघाला. त्या तारखेपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली नवी योजना आहे. वाहन सापडलं नाही तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. हाड मोडलं की ती गंभीर दुखापतच, त्यात वाद नाही. मी तहसीलला होतो, शेवटच्या दोन वर्षांत माझ्या टेबलावरून अशा पाच फायली गेल्या. पाचच. तालुक्यात अपघात किती होतात ते तुम्हीच मोजा. लोकांना माहीतच नसतं, आणि खरं सांगायचं तर पहिली फाईल आली तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

हा अर्ज कोर्टात जात नाही, विमा कंपनीतही नाही. तो महसूल खात्यात जातो. चौकशी अधिकारी म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून (विमा कंपन्यांची परिषद) थेट बँक खात्यात. कचेरीत गेल्यावर आधी विचारा की हे काम कुठल्या संकलनाकडे आहे. (तुमच्या दुधाचं नव्हे, आमच्याकडे टेबलाला संकलन म्हणतात.) शिपाई तुम्हाला नैसर्गिक आपत्तीच्या टेबलाकडे पाठवील. तिथे बसू नका. "हिट अँड रन, २०२२ ची योजना, प्रपत्र एक" (म्हणजे अर्जाचा नमुना) असं सरळ सांगा. अर्ज आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याच्या आत अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांत मंजुरी, त्यापुढे १५ दिवसांत पैसे, असं योजनेत लिहिलंय. प्रत्यक्षात माझ्या पाचांपैकी एकच वेळेत गेली, आणि ती ज्यांच्या हातात आवक क्रमांक होता त्यांचीच.

सोबत लावायला एफआयआरची प्रत, घटनास्थळ पंचनामा, दवाखान्याचं जखम प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिलं, आधार, पासबुक. आणखी एक हमीपत्र असतं : पुढे वाहन सापडून दुसरीकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करीन. लोक ते वाचून घाबरतात. घाबरायचं नाही, कारण दुसरीकडून मिळेल ते सहसा याच्या कितीतरी पट असेल.

म्हणूनच ५०,००० साठी पिकअपचा शोध सोडू नका. तुमचा खर्चच १,८०,००० आहे. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करता येतो. त्यात उपचार, बुडालेलं उत्पन्न, पायाला राहिलेलं अधूपण, सगळं मोजतात. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खालीही गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. पण न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत जायचं, असं २०१९ च्या दुरुस्तीने घातलंय. तुमचे २४ दिवस गेले.

वकिलाबद्दल : सही केली नाहीत ते उत्तम केलंत. भरपाईत वाटा ठरवून खटला घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. तहसीलच्या अर्जाला वकील लागतच नाही. पुढे लागला तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अर्जदार बाई असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पुरुषांना सहसा उत्पन्नाची मर्यादा असते, तेव्हा आण्णांसाठी तिथे विचारून घ्या.

दूधवाल्याची_लेक:
दादा, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. पण एफआयआरची प्रत मागायला गेले तर कळलं की एफआयआरच नाही, फक्त स्टेशन डायरीत नोंद आहे. हवालदार म्हणाले, "आरोपी अज्ञात, गुन्हा कोणावर दाखल करू?"

रात्रपाळीचा_ड्रायव्हर:
अज्ञात वाहनचालक असा गुन्हा रोज दाखल होतो, त्यात नवल काही नाही. मी स्वतः गाड्या चालवतो. धडकेनंतर थांबायचं, जखमीला दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना कळवायचं हे कलम १३४ आम्हाला लायसन्सच्या वेळी पाठ करायला लावतात. जमाव मारील या भीतीने पळतात हे मला समजतं. पण पुढच्या ठाण्यात जाऊन हजर व्हायला कोणी अडवलेलं नसतं.

गाडी शोधायची असेल तर उद्याच निघा. केंद्राचा, पेट्रोल पंपाचा, धाब्याचा कॅमेरा बघा. छोट्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारा डबा) जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, काहींवर पंधरा दिवसही टिकत नाही. राहिलं असेल तर पेनड्राइव्हवर घ्या आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. वाटेत टोल नाका असेल तर तिथल्या नोंदी पोलिसांनीच मागवायच्या असतात, तुम्ही फक्त अर्जात वेळ आणि दिशा लिहा. पहाटे साडेचारला ताडपत्री लावून त्या रस्त्याने जाणारा पिकअप बहुतेक भाजीचा असतो, आणि भाजीचा असेल तर तो आठवड्यातून तीनदा तरी तिथूनच जातो. बाजार समितीच्या गेटवर आवकेची नोंद असते. आसपासच्या डेंटिंगवाल्यांना पण विचारा, त्या तारखेनंतर डाव्या बाजूचा हेडलाइट कोणी बदलला. रस्त्यावर काच पडली होती का?

निवृत्त_अव्वल_कारकून:
ड्रायव्हरसाहेब, पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं बोललं.

ताई, डायरीच्या नोंदीवर आमच्याकडे फाईल अडते. लेखी फिर्याद द्या, अज्ञात वाहनचालकाविरुद्ध. भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ (ब), मोटार वाहन कायद्याची १३४ आणि १८७ ही कलमं लागतात. घेतली नाही तर तीच फिर्याद रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) चा उल्लेख करून. माझा अनुभव असा की पोस्टाची पावती दाखवली की ठाण्यातच गुन्हा नोंदतात.

आणखी एक हत्यार तुमच्याकडे आहे. १२ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंद झाल्यापासून महिन्याभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही तर ठाणे अंमलदाराने जखमीला या योजनेबद्दल लेखी कळवायचं, चौकशी अधिकारी कोण ते सांगायचं आणि अपघात अहवाल त्यांच्याकडे पाठवायचा. जिल्ह्याची देखरेख समितीही तेव्हाच ठरली, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यात असतात. फाईल रखडली तर अर्ज त्यांना द्या.

पुढे कधीतरी पोलीस म्हणतील की 'अ' समरी पाठवली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. त्याची प्रत मागून घ्या, आमच्या फाइलला ती उपयोगी पडते. गाडी नंतर सापडली तर तपास पुन्हा उघडता येतो.

आण्णांच्या मोटरसायकलची पॉलिसीही काढून बघा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असेल आणि पाय कायमचा निकामी झाला तर ते वेगळं प्रकरण होतं. नुसत्या मोडलेल्या हाडाला मिळत नाही, हेही सांगतो.

वाऱ्यावरची_वरात:
मामांचं आता काही होईल का?

निवृत्त_अव्वल_कारकून:
२०१६ च्या अपघाताला नवी रक्कम लागणार नाही. वाईट वाटतं, पण खोटी आशा लावत नाही.

दूधवाल्याची_लेक:
चार दिवसांनी लिहितेय. अधीक्षकांना पोस्ट केलं, दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन, काल गुन्हा दाखल झाला. प्रत हातात आहे. केंद्राच्या कॅमेऱ्यात त्या दिवसाचं काही उरलं नाही. पंपावरचा पोरगा मात्र म्हणाला, मालकाने त्या रात्रीचं वेगळं काढून ठेवलंय, पंपावर डिझेलची भांडणं झाली होती म्हणून. त्यात ४:२२ ला हिरव्या ताडपत्रीचा पिकअप डिझेल भरून निघताना दिसतोय. नंबर अर्धा वाचता येतो, शेवटचे दोन आकडे. पेनड्राइव्ह तपास अधिकाऱ्याला दिला, पोच घेतली. सोमवारी तहसीलला जातेय.

पंचनामा आता गुन्ह्यानंतर झाला. आण्णांनी तो दोनदा वाचून घेतला आणि विचारतात, चेपलेला कॅन त्यात लिहिलाय का, कारण तो केंद्राचा होता. लिहिलेला नाही. ड्रायव्हरदादांनी विचारलेली काचही नाही, पण ती केंद्रावरच्या पोराने झाडून केंद्राच्या मागे टाकली होती. पिशवीत भरून आणलीय.